टायरचा फुगा आणि मामांचं गेटर

आजचा भाग थोडा घरगुती आहे. इतिहासच सांगणार आहे, काळजी नको, पण सुरुवात मात्र आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधून.

शुक्रवारची रात्र. दुसऱ्या दिवशी पहाटे आई-बाबांना घेऊन पुण्याहून साताऱ्याकडे मामांच्या गावी निघायचं होतं. गाडी पुसता पुसता पुढच्या डाव्या टायरला हात लागला आणि बोटांना काहीतरी वेगळंच जाणवलं. मोबाईलचा टॉर्च मारला. टायरच्या बाजूला, जिथं कंपनीचं नाव आणि आकडे असतात तिथं, अर्ध्या लिंबाएवढा फुगवटा! दोनच दिवसांपूर्वी एका खड्ड्यात चाक धाडकन आपटलं होतं, त्याचीच ही करामत. हवा बरोबर होती, ग्रिप भरपूर होती, टायर जेमतेम वर्षाचा. फेकायचा म्हणजे जिवावर येणार की नाही?

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला म्हणाला, "काही होत नाही साहेब, दोन महिने आरामात काढाल." मग मामांना फोन लावला. मामांनी पंचवीस वर्षं मुंबईत काळी-पिवळी फियाट चालवली आहे, त्यामुळे गाडीच्या बाबतीत आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते म्हणाले, "अरे, फुगा आला म्हणून कोणी टायर टाकतं का? आतून गेटर टाकून घे. मी गेटरवर सहा-सहा महिने धंदा केलाय."

गेटर माहितीये का तुम्हाला? जुन्या टायरचा कापलेला तुकडा. टायर आतून फाटला की त्या जागी, टायर आणि ट्यूबच्या मध्ये तो सरकवायचा. ट्यूबमध्ये हवा भरली की तो दाबून बसतो.

माझी पंचाईत अशी झाली की मामा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या गाडीला ते खरंच चालत होतं. मग माझ्या गाडीला का नाही? या एका प्रश्नासाठी मी रात्री दीडपर्यंत जागलो, आणि थेट 1845 सालात जाऊन पोचलो.

त्या साली रॉबर्ट थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, बाहेर चामड्याचं कवच. लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाडीला लावून ते चालवूनही दाखवलं. कल्पना उत्तम, पण काळाच्या फार पुढची. लोक विसरले. चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली आणि 1888 मध्ये पेटंट घेतलं. पुढे थॉमसनचं जुनं पेटंट सापडल्यामुळे डनलॉपचं पेटंट टिकलं नाही, ती गंमत वेगळीच. 1891 मध्ये फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंनी चाकावरून काढता-घालता येणारा सायकलचा टायर आणला, आणि 1895 च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेचे टायर लावलेली मोटार स्वतः चालवली. वाटेत पंक्चर काढता काढता जीव मेटाकुटीला आला, पण गाडी परत आली.

आता खरी अडचण सुरू होते, आणि ती आहे टायरच्या बाजूच्या भिंतीची. साइडवॉल म्हणतात ती.

टायर फिरतो तेव्हा रस्त्याला टेकलेला भाग सपाट होतो. त्याच्या वरची बाजूची भिंत बाहेर दबते आणि पुढच्या क्षणी पूर्ववत होते. माझा टायर एका फेरीत साधारण 1.95 मीटर जातो. ताशी 100 किलोमीटर वेग धरला तर भिंतीचा प्रत्येक भाग सेकंदाला 14 वेळा वाकतो. पुण्यापासून साताऱ्यापर्यंत सुमारे 110 किलोमीटर धरा. पन्नास हजारांहून जास्त वेळा! एखादी तार हातात घेऊन सारखी वाकवत बसा, काय होतं ते कळेल.

सुरुवातीच्या टायरच्या आत साधं विणलेलं जाड कापड असायचं. उभे-आडवे धागे. वाकताना ते एकमेकांवर घासायचे, तापायचे आणि एकमेकांनाच कापायचे. यावर उपाय निघाला तो असा: धागे विणायचेच नाहीत. सगळे समांतर ठेवायचे, रबरात बुडवायचे, आणि असे थर एकावर एक तिरके, उलटसुलट दिशेनं चढवायचे. हाच क्रॉसप्लाय टायर. आपल्याकडे बोलताना 'नायलॉन टायर' म्हणतात तो. मामांच्या फियाटला हाच.

यात तेच तिरके थर चाकाच्या एका कडेपासून ग्रिपखालून दुसऱ्या कडेपर्यंत जातात. बाजूची भिंतही त्यांचीच. एका थराचे धागे तुटले तरी दुसऱ्या थराचे तिरके धागे तिथून जात असतात. वर आत ट्यूब. गेटर का टिकायचं ते लक्षात आलं? धोका तेव्हाही होताच, पण भिंतीत उरलेलं बळ असायचं. तोटा असा की अख्खा टायर ताठ. भिंत वाकली की ग्रिपही चुरमडणार, टायर तापणार, लवकर झिजणार.

मग आमचा हिरो येतो. मारियुस मिन्यॉल. मिशेलिनमध्ये हा माणूस आधी छापखान्यात होता, इंजिनियर नव्हता. टायर नेमका कशामुळे तापतो हे शोधायला त्यानं एक विचित्र टायर केला. बाजूची भिंतच काढून टाकली! तिच्या जागी विरळ, सरळ उभ्या पोलादी तारा. दिसायला इतका चमत्कारिक की त्याला 'माश्या पकडायचा पिंजरा' असं नाव पडलं. पण हा पिंजरा फिरवला तर तो फारच कमी तापला. म्हणजे एकमेकांवर घासणारे भिंतीतले थरच बरीचशी उष्णता तयार करत होते.

तिथून रेडियल टायर आला. 1946 मध्ये पेटंट, 1949 मध्ये 'मिशेलिन एक्स' नावानं बाजारात. यात कामाची वाटणी केली. ग्रिपखाली पोलादी तारांचे पट्टे, ते रस्त्यावरचा भाग सपाट आणि घट्ट धरतात. बाजूच्या भिंतीत फक्त एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जाणारे धागे. भिंत मोकळी वाकते, ग्रिप हलत नाही. टायर जास्त टिकतो, पेट्रोल कमी लागतं, गाडी वळणावर नीट बसते. आपल्याकडे 1970 च्या दशकाच्या अखेरीस रेडियल येऊ लागले. आज तुमच्या घरच्या कारला बहुधा तेच असतील. आकड्यांमध्ये आर दिसतो ना, 185/65 आर 15 वगैरे, तो रेडियलचा. अनेकांना तो रेडियसचा वाटतो. मलाही वाटायचा.

रात्री पुन्हा खाली गेलो. टॉर्च मारून भिंतीवरची बारीक अक्षरं वाचली. ग्रिपखाली पोलादाचे दोन थर, शिवाय पॉलिएस्टर आणि नायलॉन. आणि साइडवॉल? पॉलिएस्टर, 1 प्लाय. एक थर! मामांच्या टायरच्या भिंतीत एकमेकांना सांभाळणारे थर होते, माझ्यात एकटा एकच. ऐकता ऐकता तुमच्याही गाडीचं वाचून बघा.

खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा ही भिंत रिमची कड आणि खड्ड्याची कड यांच्यात चेमटते. धागे तुटतात. रबर मात्र शाबूत राहतं, म्हणून हवा जात नाही आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. फुगवटा म्हणजे तिथं धागे उरलेले नाहीत, हवा फक्त रबरानं अडवून धरली आहे. टायरचा आकार जितका बुटका, तितकं हे चेमटणं सोपं. मोठ्या अलॉय चाकांच्या हौसेपायी आपण ती भिंत आणखी छोटी करतो.

मग आतून पॅच? ग्रिपमध्ये खिळा घुसून पडलेलं 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक आतून दुरुस्त करता येतं, कारण खालचे पोलादी पट्टे ती जागा हलू देत नाहीत. भिंतीवरचा पॅच सेकंदाला 14 वेळा वाकणार, आणि तुटलेले धागे तो जोडत नाही. गेटरला दाबून धरणारी ट्यूब माझ्या ट्यूबलेस टायरमध्ये नाहीच. आपल्या 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, नियम 94 मध्येही, फुगवटा किंवा आकार बिघडलेला टायर चांगल्या स्थितीतला धरलेला नाही.

पण प्रत्येक खुणेला घाबरू नका हं. भिंतीवर आतल्या बाजूला गेलेली हलकी उभी खोबण असेल तर ती बहुतेक वेळा थराची दोन टोकं जिथं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात तिथली असते. तिथं दुप्पट धागे, म्हणून ती जागा कमी फुगते. तो टायर चालतो. फूटपाथला घासून वरवरचं रबर खरवडलं असेल आणि धागे दिसत नसतील, तर लक्ष ठेवा, हवा बघत राहा. चीर पडून आतले धागे दिसले, किंवा बाहेर फुगवटा आला, तर मात्र चर्चा संपली.

आमची रात्रीच संपली. सकाळी आईला म्हटलं, उशिरा निघू. ती चिडली, मामींनी जेवायला बोलावलं होतं. स्टेपनी लावली. (हा शब्द आला वेल्समधल्या लानेथ्ली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून, 1904 पासून तिथे जोडचाकं विकली जायची. माझ्याकडून फुकटची माहिती.) स्टेपनीवर शेवटचे चार आकडे 3518, म्हणजे 2018 च्या पस्तिसाव्या आठवड्यातली. इतक्या जुन्या टायरवर हायवे नको, म्हणून हळूहळू टायरच्या दुकानापर्यंत तेवढी गेलो. नवा टायर, फिटिंग, बॅलन्सिंग धरून 5,400 रुपये. उजव्या टायरची ग्रिप जवळपास नव्यासारखीच होती, म्हणून एकावरच भागलं. ती बरीच झिजलेली असती तर पुढचे दोन्ही घेतले असते.

जुना टायर भंगारात न देता डिकीत टाकला आणि मामांसमोर ठेवला. मामांनी आतून बोटं फिरवली. फुगवट्याच्या जागी दोन बोटं रुंद अशी मऊ पट्टी हाताला लागत होती. त्यांनी ती दाबली, बाहेरून अंगठा लावला, मधली जाडी चाचपली.

"एवढाच?" ते म्हणाले.

"एवढाच, मामा."

"फियाटचा असा नव्हता रे."

मग जेवायला बसलो, आणि मामींनी उशिराबद्दल जे सुनवायचं ते सुनवलंच. टायर आता त्यांच्या अंगणात जांभळाच्या झाडाला टांगलाय, मुलं झोके घेतात. फुगवटा कुठं होता ते शोधायला गेलात तर सापडणार नाही, आत हवाच नाही ना.

चला, भेटू पुढच्या भागात.