रत्नागिरीची रोपं कशाखाली वाढली

रत्नागिरीत आता बंगल्यामागे, गच्चीवर, चाळीच्या चौकातसुद्धा हिरवी जाळी दिसते. कुणी ऑर्किड ठेवतं, कुणी पावसाळ्यात घरची कोथिंबीर हवी म्हणून धडपडतं. रोपांसाठी असं छप्पर घ्यायला गेलं की माहितीपत्रकावर बहुधा चारी बाजूंनी बंद, पारदर्शक, दाराला कडी असलेली खोली छापलेली असते. ती खोली थंड मुलखात जन्मली. उष्णता आत कोंडून ठेवणं हे तिचं काम. आमच्याकडे उष्णतेला तोटा नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. रोपाला इथे जपायचं ते त्या माऱ्यापासून, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरच्या, पुढे एप्रिल-मेच्या उन्हापासून. ही गरज इथल्या माणसांनी काच किंवा प्लॅस्टिक यायच्या कितीतरी आधी ओळखली होती. मी कलमं बांधणाऱ्याच्या घरात वाढले, म्हणून तो इतिहास मला जवळचा आहे, आणि जाळी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला तो माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जुनं छप्पर जिवंत होतं. केळशी, आंजर्ले, मुरुड, गुहागर या किनाऱ्याच्या गावांतल्या नारळी-पोफळीच्या आगरात दुपारी शिरून बघा. वर नारळाच्या झावळ्या, त्यांच्याखाली पोफळी, पोफळीवर चढलेले मिरीचे आणि विड्याच्या पानांचे वेल, खाली केळी, जायफळ, अननस. जमिनीपर्यंत येणारं ऊन गाळून येतं, वारा अडतो, ओल टिकते. रहाटाचं पाणी पाटातून एकेका आळ्यात सोडायचं, त्याला शिंपणं म्हणत, आणि त्या शिंपण्याने भर उन्हाळ्यातही आगरात गारवा राही. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे १९५५ साली नारळ संशोधन केंद्र झालं. नारळाच्या सावलीत मिरी, जायफळ, दालचिनी घेण्याची ‘लाखी बाग’ तिथूनच लोकांपर्यंत गेली. तिचा पाया जुन्या आगरातच होता. त्या छपराची किंमत ३ जून २०२० ला कळली. निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या, आणि जी जायफळं वाऱ्यातून वाचली ती डोक्यावरची सावली गेल्यामुळे उन्हात होरपळली.

ज्यांच्याकडे आगर नव्हतं, कातळावरचं घर आणि मागे हातभर परडं होतं, त्यांचा आधार मांडव. मृगाआधी, आगोटीच्या कामांत लाकडं भरणं, घर शाकारणं याबरोबर मांडवाची डागडुजी असे. खांब किंजळीचे नाहीतर ऐनाचे, आडव्या काठ्या माणग्याच्या किंवा चिव्याच्या, बांधायला सुंभ. त्यावर पडवळ, दोडकी, कारली चढत. मिरची-वांग्याची रोपं मात्र उघड्यावर टिकत नसत. चार दिवस संततधार लागली की मूळ कुजतं आणि वरून पडणारा थेंब माती उडवून पानांवर रोग चढवतो. म्हणून ती डालग्यात किंवा फुटक्या घमेल्यात लावून पडवीच्या कडेला, पागोळ्यांच्या आत ठेवत. पडवीला झड लागू नये म्हणून विणलेल्या झावळ्यांचे झाप बांधलेले असत, त्यांच्या फटींतून येईल तेवढा उजेड रोपांना. आजी आम्हाला रोज ती घमेली फिरवून ठेवायला लावी, म्हणजे रोप एका बाजूला झुकत नाही.

पण रोपांसाठी मुद्दाम छप्पर बांधण्याची विद्या इथे खऱ्या अर्थाने वाढली ती आंब्यामुळे. हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही, कलमच करावं लागतं. कलमाची ही कला पोर्तुगिजांबरोबर गोव्याला आली आणि तिथून कोकणभर पसरली. कलमं बांधणाऱ्या आमच्या अण्णांच्या तरुणपणी रीत होती ती भेट कलमाची. रायवळ आंब्याचं रोप कुंडीत वाढवायचं आणि ती कुंडी उचलून हापूसच्या फांदीपाशी न्यायची, कारण फांदी झाडापासून तोडायचीच नसते. फांद्या काही जमिनीलगत नसतात. तेव्हा झाडाभोवती बांबूची माची बांधायची, कधी दोन मजली, आणि तिच्यावर कुंड्यांच्या रांगा लावायच्या. रोपाची आणि फांदीची साल समोरासमोर तासून दोन्ही जखमा एकमेकींना भिडवायच्या आणि घट्ट बांधायच्या. पुढे दोन-तीन महिने दोन्ही एकजीव होईपर्यंत माचीवर चढून एकेका कुंडीला हाताने पाणी. एकही कुंडी सुकता कामा नये. सांधा जुळला की हापूसची फांदी सांध्याखालून हळूहळू कापत आणायची, एकदम नाही.

सुटं झालेलं कलम लगेच उघड्यावर ठेवलं तर मरतं. म्हणून त्याच्यासाठी झापांचा मांडव. नारळाची झावळ चिरून, पाण्यात भिजवून, पात्या एकीखाली एक घालत विणली की झाप होतो. कमरेच्या वर, हात पोचेल एवढ्या उंचीवर ते पसरायचे आणि खाली कलमं मांडायची. आधी झाप दाट. कलमाने नवी पालवी टाकली की एकाआड एक झाप काढायचा. पुढे आणखी विरळ करत करत शेवटी मांडव मोकळा. अण्णा याला ‘ऊन दाखवणं’ म्हणत. आज दुकानात पन्नास टक्के, पंचाहत्तर टक्के सावलीची जाळी मिळते. अण्णा तो हिशेब झाप मोजून करत आणि रोपाच्या वयाप्रमाणे महिन्याला बदलत. जाळीच्या एका गुंडाळीला ते जमत नाही, ही मला तिची मोठी उणीव वाटते.

अण्णांच्या काळाच्या बरंच आधी, दूर विलायतेत काचेची घरं उभी राहत होती. बंद छपराखाली भाजी काढायची हौस तशी फार जुनी. रोमच्या टायबेरियस बादशहाला बारमाही काकडी लागे, तेव्हा त्याचे माळी चाकांवरचे वाफे पारदर्शक दगडाच्या पातळ तावांखाली झाकत, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. १८४५ मध्ये इंग्लंडात काचेवरचा कर उठला, १८४८ मध्ये क्यू बागेतलं लोखंड-काचेचं ताडगृह पुरं झालं आणि तिथे कोळशाच्या भट्ट्यांनी पाणी तापवून आमच्यासारख्या मुलखांतली झाडं जगवू लागले. लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरने १८२९ च्या सुमारास बंद काचेच्या पेटीत रोप जगतं हे पाहिलं. मग तशा पेट्यांतून रोपं जहाजांवरून जगभर फिरली, चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आली. ती विद्या थोर आहे. पण आपल्या हवेत तशी काच आणली तर आतलं रोप शिजतं.

कोकणाचा खरा कायापालट काचेने केला नाही. तो प्लॅस्टिकच्या एका पट्टीने केला. दापोलीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं आणि त्या दशकात तिथून कोय कलमाची पद्धत बागायतदारांपर्यंत पोचली. कॅनिंगच्या कारखान्यांतून हंगामाअखेर कोयींचे ढीग निघतात. त्या कोयी गादीवाफ्यावर रुजवायच्या. पानं अजून तांबूस, कोवळी आहेत तोवर रोप कोयीसकट उचलायचं, वरचा शेंडा छाटायचा, खुंटाला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या डोळकाडीचं, म्हणजे कलमासाठी कापलेल्या काडीचं, टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवायचं आणि प्लॅस्टिकच्या अरुंद पट्टीने गुंडाळायचं. हे काम चालतं जून ते ऑगस्ट, कारण त्या दिवसांत हवाच इतकी दमट असते की कापलेली डोळकाडी सुकत नाही. छपराने फक्त पावसाचं पाणी सांध्यात शिरू द्यायचं नाही. माची गेली, कुंड्या गेल्या, एका माणसाच्या हातून दिवसाला शेकडो कलमं होऊ लागली. १९९० नंतर सरकारने फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली तेव्हा एवढ्या कलमांची मागणी भागली ती याच पद्धतीमुळे. रोपवाटिकांतल्या झापांवर आधी प्लॅस्टिकचा कागद पसरला गेला, पुढे झाप गेले, हिरवी जाळी आली. सालोसाल विणायचे कष्ट वाचले, हे मान्यच करायला हवं. झाप एका पावसाळ्यात कुजतो, चांगली जाळी काही वर्षं टिकते.

देशावरचं पॉलीहाऊस वेगळं. तळेगाव दाभाड्याकडे गुलाब-जरबेरासाठी मोठमोठी बंद घरं झाली, त्यांना दोनशे मायक्रॉनचा, सूर्यकिरणांना टिकणारा कागद लागतो. त्याची हुबेहूब छोटी आवृत्ती घरामागे उभारावी, असं आता इथे लोकांना वाटतं. ते रत्नागिरीत चालणार नाही, असं मी स्पष्ट सांगते.

माझा मांडव घरामागच्या कातळावर आहे. कातळात पहार चालत नाही, म्हणून खांबांचे पाय चिऱ्यांच्या चौथऱ्यात सिमेंटने बसवले. खांब जीआय पाइपचे, पण जोड वेल्डिंगचे न ठेवता क्लॅम्पचे. खारी हवा वेल्डिंगचा सांधा आधी खाते, आणि क्लॅम्प गंजला तर तेवढाच बदलता येतो. छप्पर उतरतं, नैर्ऋत्येकडची बाजू खाली, कारण पावसाळी वारा तिकडून येतो आणि उंच बाजू त्याच्या तोंडावर ठेवली तर छप्पर उचललं जातं. बाजू चारी उघड्या. फक्त नैर्ऋत्येला कमरेएवढी जाळी, झड अडवायला. कोंदट राहिलं की कोथिंबिरीला आठवड्यात बुरशी लागते.

छपरं मात्र दोन आहेत. मेअखेरीला जाळी काढून कागद चढवते. त्याच्याखाली कोथिंबीर, मिरची, टोमॅटो आणि कोकमाची चार-दोन कलमं असतात. दसऱ्याच्या सुमारास कागद उतरवते, धुऊन सावलीत गुंडाळते आणि जाळी चढवते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा इशारा ऐकल्याबरोबर जाळीच्या दोऱ्या सोडून ती खाली घेतली होती, सांगाडा जागेवर राहिला. म्हणून दोऱ्यांना मी सुरगाठच मारते, कापावी लागेल अशी गाठ कधीच नाही. नवी जाळी घ्यायला निघालेल्या शेजाऱ्यांना माझं सांगणं एवढंच असतं: दुकानात दोन्ही छपरांचा भाव विचारा आणि कागद घेताना कडेला दोरी ओवायला शिवण आहे का ते बघा. शिवण नसेल तर तो पहिल्याच पावसात वाऱ्याने फाटतो.