कनिष्क: कोणाची माणसं?

आपल्याकडे पन्नाशी-साठी ओलांडलेल्या कोणालाही 'कनिष्क' म्हणा, त्याला लगेच एअर इंडियाचं विमान आणि आयर्लंडचा समुद्र आठवतो. इथे कॅनडात ते नाव फारसं कोणी घेत नाही. इथे ते 'फ्लाइट 182'. आणि तेही किती जणांना माहीत? 2023 साली अँगस रीड या संस्थेने पाहणी केली, तेव्हा दहातल्या नऊ कॅनडावासीयांना या घटनेची जुजबी माहिती होती किंवा काहीच नव्हती. कॅनडाच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा दहशतवादी हल्ला आहे, हे लक्षात घेतलं तर हा आकडा बोचतो.

काय झालं ते थोडक्यात सांगतो. 23 जून 1985, रविवार. एअर इंडियाचं 747 जातीचं 'सम्राट कनिष्क' टोरांटो-मॉन्ट्रियलहून लंडनमार्गे भारतात निघालं होतं. शाळांना सुट्ट्या लागायचे दिवस, त्यामुळे आजी-आजोबांकडे निघालेली मुलं पुष्कळ. आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ 31,000 फुटांवर सामानाच्या कप्प्यातला बॉम्ब फुटला. 329 जण गेले, त्यांत 22 कर्मचारी. 'नदिया के पार'मध्ये मोठ्या भावाचं काम केलेला इंदर ठाकूरही त्यात होता. निम्म्याहून अधिक मृतदेह कधी सापडलेच नाहीत. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर दुसरी बॅग फुटली आणि सामान हलवणारे दोन कामगार ठार झाले. ती बॅगही एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढायची होती.

पेशाने इंजिनियर असल्यामुळे मला यातली एक गोष्ट सारखी खटकते. बॉम्बची बॅग व्हँकुव्हरहून आली, पण तिचा मालक विमानात चढलाच नाही. प्रवासी नाही तर बॅगही नाही, एवढा साधा नियम पाळला असता तरी पुरे होतं. टोरांटोला सामान तपासणारं एक्स-रे यंत्र त्या दिवशी बंद पडलं, म्हणून हातातल्या उपकरणाने काम भागवलं. खलिस्तानवादी अतिरेक्यांवर गुप्तचर खात्याची पाळत होती, फोनही टॅप होत होते. पुढे त्यातल्या कितीतरी टेप खात्याने स्वतःच पुसून टाकल्या! खटल्याचं व्हायचं तेच झालं. 2005 साली दोन मुख्य आरोपी निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती फक्त बॉम्ब बनवण्यात हात असलेल्या इंदरजितसिंग रेयातला. साक्षीदार होऊ शकणारे पत्रकार तारासिंग हेयर यांचा तर 1998 मध्येच खून झाला. हेयर स्वतः शीख, आणि विमानातही शीख प्रवासी होते. त्यामुळे याचा दोष सबंध समाजावर टाकणाऱ्यांनी ही नावं आधी वाचावीत.

पण चुका सगळ्याच यंत्रणांकडून होतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. मृतांपैकी अडीचशेहून अधिक जण कॅनडाचे नागरिक होते. कित्येक मुलं तर इथेच जन्मलेली. तरी पंतप्रधान ब्रायन मल्रोनी यांनी सांत्वनाचा फोन केला तो दिल्लीला, राजीव गांधींना. विमान भारताचं, नावं भारतीय, म्हणजे दुःखही भारताचं! तिकडे भारताच्या दृष्टीने ही माणसं परदेशी स्थायिक झालेली. दोन्ही घरांचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं या मृतांचं झालं.

त्यांना आपलं म्हटलं ते तिसऱ्याच लोकांनी. कॉर्क परगण्यातल्या खलाशांनी मृतदेह समुद्रातून काढले, तिथल्या इस्पितळातल्या परिचारिकांनी ते सांभाळले, आणि शोध घेत आलेल्या नातेवाइकांना लोकांनी आधार दिला. अहाकिस्ता या किनाऱ्यावरच्या चिमुकल्या गावात पहिल्याच वर्षश्राद्धाला, म्हणजे 23 जून 1986 ला, स्मारक उभं राहिलं. तिथे एक सूर्यघड्याळ आहे. दरवर्षी त्या तारखेला नातेवाईक येतात, गावकरीही जमतात. ज्या गावाचा भारताशी काही संबंध नव्हता, त्याने हा दिवस पाळायचं सोडलं नाही.

टोरांटोत सरोवराच्या काठी, हंबर बे पार्कमध्ये, स्मारक झालं ते 2007 साली. निवृत्त न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला 2010 मध्ये. सरकारी यंत्रणांनी चुकांवर चुका केल्या, आणि नातेवाइकांनाही नीट वागवलं नाही, असं त्यात स्वच्छ म्हटलं आहे. त्यानंतर 23 जून 2010 रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी याच स्मारकापाशी देशाच्या वतीने माफी मागितली. पंचवीस वर्षं लागली.

परदेशात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना हे नीट समजून घेण्यासारखं आहे. पासपोर्ट बदलतो, घराचे हप्ते फिटतात, मुलं इथल्या उच्चारात बोलू लागतात. तेवढ्याने आपण इथले झालो असं वाटतं. खरी कसोटी मात्र आपण गेल्यावर रडणाऱ्यांनी आपल्याला आपलं म्हणण्यात आहे. कनिष्कवरच्या माणसांच्या बाबतीत कॅनडा त्या कसोटीला पंचवीस वर्षं उशिरा उतरला.

2025 मध्ये या घटनेला चाळीस वर्षं झाली. तेव्हाचे तिशीतले आईबाप आता सत्तरी पार करून गेले आहेत. त्यांच्यानंतर स्मारकापाशी कोण उभं राहणार, हा प्रश्न आता आमच्या मुलांपुढे आहे. हंबर बे पार्कमधल्या भिंतीवर सगळी नावं कोरलेली आहेत. टोरांटोला कोणाकडे आलात, तर नायगारा बघाच, पण एक तास ती नावं वाचायलाही ठेवा.