सीदे हामेते बेनेन्गेली

हा अरबी इतिहासकार स्पॅनिश लेखक सेर्वांतेसच्या कल्पनेतला. ‘दोन किहोते’च्या पहिल्या भागात (१६०५) आठव्या प्रकरणाअखेर तलवारी उगारलेल्या असतानाच कथा तुटते, नवव्यात निवेदकाला तोलेदोच्या बाजारात, जुने कागद विकायला आलेल्या पोराकडे तिचा याने लिहिलेला पुढचा भाग अरबीत सापडतो. अर्ध्या रेआलला तो सगळं बाड पटकावतो.

भाषांतरासाठी गाठलेला मोरिस्को (सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांचा वंशज) समासातली टीप वाचून हसू लागतो: नायकाची प्रेयसी दुल्सिनेआ म्हणे डुकराचं मांस खारवण्यात पटाईत! मेहनताना ठरतो दोन आरोबा, म्हणजे सुमारे २३ किलो बेदाणे, आणि दोन फानेगा (धान्याचं जुनं माप) गहू. काम दीडेक महिन्यात हातावेगळं. आजच्या अनुवादकांनी हिशेब न केलेला बरा.

१६०९पासून स्पेनने मोरिस्कोंना हद्दपार केलं. दुसऱ्या भागात (१६१५) यात्रेकरूच्या वेषात चोरून परतलेला नायकाचा सेवक सांचो याचा शेजारी रिकोते त्यांच्यापैकीच.