पट्ट्याचा गुन्हा काय?

घरी दोन तबकड्या एकमेकींत मिसळायला शिकू पाहणाऱ्याला दोन सूत्रं लगेच ऐकवली जातात. बेल्ट ड्राइव्ह टर्नटेबलकडे ढुंकूनही बघू नकोस. आणि घ्यायचं तर टेक्निक्सचं बाराशे घे, नाहीतर पैसे साठेपर्यंत थांब. सांगणारे बहुधा स्वतः उत्तम वाजवणारे असतात, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कुणी धजत नाही. मला घालायचा आहे. पण पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही.

बेल्ट ड्राइव्हमध्ये मोटर बाजूला बसते आणि रबरी पट्ट्यानं थाळी फिरवते. हातानं तबकडी मागे ओढली की पट्टा ताणतो, कधी घसरतो, आणि हात सोडल्यावर थाळी वेगावर यायला वेळ घेते. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये थाळी थेट मोटरच्या अक्षावरच असते. टेक्निक्स बनवणाऱ्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांच्या नेतृत्वाखाली या रचनेचं एसपी-१० तयार झालं, आणि १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं. १९७९ च्या एमके२ आवृत्तीत क्वार्ट्‌झचं नियंत्रण आणि वेग ८ टक्क्यांपर्यंत खालीवर करणारा सरकता पिच फेडर बसला. थाळी ०.७ सेकंदात पूर्ण वेगावर. क्लबांत पुढची तीस वर्षं हेच यंत्र दिसत राहिलं, हे कुणी नाकारू शकत नाही.

एवढ्यावरून निष्कर्ष काढला जातो की पट्ट्यावर मिक्सिंग होतच नाही. इथे इतिहासच आडवा येतो.

न्यूयॉर्कच्या किंग स्ट्रीटवरचा पॅरडाइज गराज हा क्लब १९७७ ते १९८७ चालला. लॅरी लेव्हान तिथे वाजवायचा, आणि या क्लबच्या नावावरूनच 'गराज' हा संगीतप्रकार ओळखला गेला असं म्हटलं तरी चालेल. त्याच्यासमोर स्विस थोरेन्स टीडी-१२५ होती. बेल्ट ड्राइव्ह! ब्रॉंक्समध्ये ग्रँडमास्टर फ्लॅशनं दोन तबकड्यांतले तालाचे तुकडे नेमके जोडण्याचं तंत्र घडवलं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला हा पोरगा निरनिराळी टर्नटेबलं तपासत फिरला आणि त्यानं ज्याचं नाव पुढे घेतलं ते टेक्निक्सचंच, पण एसएल-२३. तेही पट्ट्याचं. हिप-हॉपचा आद्य डीजे कूल हर्क याची एसएल-११०० डायरेक्ट ड्राइव्ह होती, हे प्रतिपक्षाच्या खात्यात जमा करू. पण ज्या हातांनी ही कला उभी केली त्यांत पट्टेवाले होते, हे खोडता येत नाही.

त्यांना जमलं कसं? थाळी आणि तबकडी यांच्यामध्ये फेल्टची स्लिपमॅट असते. हातानं तबकडी धरली तरी खालची थाळी फिरतच राहते, घर्षण थोडंच. ठोका आला की बोटं उचलायची. मोटरला शून्यापासून वेग धरायचाच नसतो. तबकडी मागेपुढे झटकायची, म्हणजे स्क्रॅच करायचं, तर गोष्ट वेगळी. तिथे दमदार मोटर लागते आणि तिथे मी पूर्वपक्षाला पूर्ण मान्यता देतो. पण प्रश्न घरी मिक्सिंगचा आहे: एक गाणं संपत असताना दुसरं त्याच तालात आत सरकवण्याचा.

दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि खरी मजा इथे आहे. माहितीपत्रकात 'वाव अँड फ्लटर' म्हणून एक आकडा असतो, वेगाच्या थरथरीचा. एमके२ चा ०.०२५ टक्के. ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-१२० या स्वस्त यंत्राचा ०.२ टक्क्यांच्या आत. आठपट वाईट, असं म्हणून लोक नाक मुरडतात. पण तबकडीकडे बघा. तिचं भोक केंद्रापासून फक्त ०.२ मिलिमीटर सरकलेलं असलं, तर ८० मिलिमीटर त्रिज्येवरच्या खाचेचा वेग प्रत्येक फेरीत पाव टक्क्यानं वरखाली होतो. यंत्र कितीही राजेशाही असो, थरथर तबकडीनंच आणलेली असते. शिवाय ही थरथर फेरीगणिक स्वतःला फेडून टाकते: ३३⅓ च्या वेगानं एक फेरी १.८ सेकंदांची, तेवढ्यात जे पुढे गेलं ते मागेही आलं.

मिक्स बिघडवतो तो सरासरी वेगातला फरक, जो फेडला जात नाही. मिनिटाला १२० ठोक्यांच्या दोन गाण्यांत ०.१ टक्क्याचा फरक राहिला तर मिनिटाभरात ६० मिलिसेकंदांचं अंतर पडतं, आणि ड्रमचा एक ठोका कानाला दोन वाटू लागतो. हा फरक क्वार्ट्‌झ मिटवत नाही, कारण दोन गाण्यांचे वेग जुळवताना पिच फेडर मुळात कानानंच लावावा लागतो. सत्तरच्या दशकातल्या तबकड्यांवर तर ड्रम वाजवणारा हाडामांसाचा, त्याची लय पुढेमागे होणारच. म्हणून हेडफोनमधून ऐकत थाळीच्या कडेला बोट लावून किंचित रोखणं, लेबलपाशी किंचित ढकलणं हा रोजचाच रियाज आहे. महागडं यंत्र घेऊन तो टळत नाही.

राहिला टॉर्क. एमके२ चा १.५ किलोग्रॅम-सेंटिमीटर, पायोनियरच्या पीएलएक्स-१००० चा ४.५. टॉर्क हीच कसोटी असेल तर दंतकथेतलं यंत्र तिप्पट मागे पडतं, तरी कुणी त्याला कमकुवत म्हणत नाही. म्हणजे कसोटीपेक्षा कीर्तीचाच आधार घेतला जातोय. १९७२ चं मूळ मॉडेल तर दिवाणखान्यात निवांत संगीत ऐकणाऱ्यांसाठी काढलेलं होतं, डीजेंसाठी नव्हे.

एवढं बोलून आज कुणाला नवं बेल्ट ड्राइव्ह घ्या असं मी सांगत नाही. पिच फेडर असलेलं नवं पट्ट्याचं यंत्र आज बाजारात सहसा सापडत नाही, आणि फेडरशिवाय मिक्सिंग नाही. सुटकेससारख्या दिसणाऱ्या गोंडस प्लेअरना बाद करायचं ते याच कारणासाठी; सुईचं वजन ठरवायलाही त्यांत सोय नसते. पट्ट्याचा यात दोष नाही. तेव्हा घरासाठी स्वस्तातलं डायरेक्ट ड्राइव्हच येईल, पण कारण वेगळं असेल, आणि कारण वेगळं असलं की खरेदीही वेगळी होते. टेक्निक्सच्या आजच्या एमके७ च्या एकाच्या किमतीत एलपी-१२० सारखी दोन येऊ शकतात. आणि मिक्सिंगला दोन लागतातच, शक्यतो एकाच मॉडेलची, म्हणजे दोन्ही फेडर हाताला सारखे लागतात.

उरलेले पैसे सुईत घालावेत. ऑर्टोफॉनच्या कॉनकॉर्ड मिक्ससारखी डीजेंसाठीची सुई ३ ग्रॅम भारावर चालते, म्हणून टोनआर्मला मागचं वजन फिरवून तो भार लावता आला पाहिजे. मिक्सरला फोनो इनपुट असेल तर टर्नटेबलच्या पोटातला प्रीअँप बंद करणारं बटण आधी शोधावं. एकावर एक दोन प्रीअँप लागले की आवाज फाटतो आणि नवखा माणूस दोष सुईला देतो.

तरीही कुणाला जुनं बाराशेच हवं असेल तर हौसेला मोल नाही. फक्त जपानमधून आणलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं आणि अमेरिकेतलं १२० चं. आपल्या २३० च्या प्लगात थेट खुपसण्याआधी मागची पट्टी वाचावी, आणि भाव ठरवताना ट्रान्सफॉर्मरचा खर्चही धरावा.