मेंदूचा काप आणि न मिसळणारं पाणी

एकलहऱ्याच्या थर्मलच्या चिमणीतून निघणारा धूर कधी नीट बघितलाय? भोवरे, वेटोळी, आणि थोडा वर गेला की हवेत मिसळून गायब. ह्या विकांताचा विषय बरोबर उलटा: न मिसळणारे प्रवाह, आणि त्यांनी सोडवलेला मेंदू-संशोधकांचा एक जुना गुंता.

मेंदूचा ताजा, पातळ काप शरीराबाहेर काही तास जिवंत राहतो. पण काप जाड झाला की ऑक्सिजन आत पोचत नाही, मधल्या पेशी गुदमरतात. हा हिशोब ओटो वारबुर्गने १९२३ सालीच मांडला होता. म्हणून काप साधारण ०.३-०.४ मिलिमीटरचे. लंडनच्या हेन्री मॅकइल्वेनने १९५७ साली ली ह्या सहकाऱ्याबरोबर अशा कापातल्या पेशींचा विद्युतदाब मोजला, आणि १९६६ साली यामामोटोबरोबर दाखवलं की काप उद्दीपनाला उत्तरही देतो. म्हणजे तो नुसता जिवंत नाही, काम करतोय!

आता त्याला औषध द्यायचं कसं? सोपा मार्ग म्हणजे काप ज्या द्रवात ठेवलाय त्यातच औषध ओतायचं. आपल्या भाषेत, एका फंक्शनची चाचणी घ्यायला ग्लोबल व्हेरिएबल बदलायचं. सगळ्या पेशी एकदमच बदलतात, मग कुणामुळे काय झालं ते शोधत बसा. शिवाय अपस्माराच्या शस्त्रक्रियेत काढलेली माणसाची ऊती असेल तर काप मोजकेच. एक वाया गेला की गेला.

इथे ऑसबॉर्न रेनॉल्ड्स मदतीला येतो. मँचेस्टरमध्ये १८८३ साली त्याने काचेच्या नळीत रंगाची धार सोडून बघितली: वेग कमी असताना ती सरळ रेघ राहते, वाढला की विस्कटते. नळी केसाइतकी बारीक केली तर पाणी जवळपास नेहमीच सरळ चालतं. दोन द्रव शेजारी-शेजारी वाहतात, भांडत नाहीत. मिसळतात ते फक्त रेणूंच्या भटकण्यामुळे, आणि तिथे अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट लागतो.

अशा नळ्या स्वस्तात करण्याची युक्ती १९९८ च्या सुमारास हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्सच्या गटाने रुळवली: साच्यावर सिलिकॉन रबर ओतायचं, वाळलं की सोलून काढायचं. जेली लावण्यासारखंच की!

मला सगळ्यात आवडलेली करामत झुरिकच्या आयबीएमची, २००५ सालची. एका टोकाला दोन भोकं. एकातून औषध येतं, दुसरं त्याहून जोरात ओढून घेतं. उघड्या द्रवातही औषधाचा ठिपका जागेवरच राहतो, भिंती नसताना. २०१० साली मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने हेच टोक मेंदूच्या कापावर आणलं. औषध ठिपक्याखालच्या पेशींना, शेजारच्या कोरड्याच.