हातात बसलेली काठी

कुऱ्हाडीचा हातात बसलेला दांडा टाकून देणे तुमच्या जीवावर येते ना? गॉल्फ खेळणाऱ्याचेही आपल्या जुन्या काठीबाबत तसेच होई. काठीने लहानसा चेंडू टोलवीत दूरच्या खळगीत घालायचा, असा हा खेळ. पूर्वी काठीचा दांडा हिकरी नावाच्या अमेरिकन झाडाच्या लाकडाचा असे. लाकूडच ते! एक दांडा ताठ, तर दुसरा लवचिक. टोल्यासरशी तो किंचित पिळेही. म्हणून खेळाडू एकेक काठी पारखून घेई, तिच्या खोडी ओळखून हात बसवी.

अमेरिकेचे बॉबी जोन्स हे असेच. पेशाने वकील, खेळले ते हौसेने. चेंडू हलकेच खळगीत ढकलण्याच्या त्यांच्या काठीला ‘कॅलॅमिटी जेन’ असे नावच होते. पोलादी दांड्यांना १९२९ साली ब्रिटनमध्येही मान्यता मिळाली. तरी १९३० साली जोन्स यांनी लाकडी काठ्यांनीच ब्रिटन व अमेरिकेतल्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या आणि २८ व्या वर्षी निवृत्ती घेतली. पुढच्याच वर्षी अमेरिकेची खुली स्पर्धा पोलादी दांडे वापरणाऱ्या बिली बर्क यांनी जिंकली.

मग जोन्स यांनीच एका कारखान्यासाठी पोलादी दांड्यांच्या काठ्या आखून दिल्या. पोलादाचे दांडे एकसारखे. एक मोडला तर तसाच दुसरा मिळे. नवशिक्याची मोठी सोय झाली. पण काठीच्या खोडी सांभाळता सांभाळता जडणारा लोभ ओसरला. नवे अवजार जरूर घ्यावे. जुन्याने हाताला काय शिकवले, तेवढे मात्र मुलांना सांगून ठेवावे.