तेहतिसाव्या वर्षींचा विद्यार्थी

इ. स. १५२४ सालीं बार्सिलोना शहरांत आर्देव्हॉल नांवाच्या एका पंतोजींकडे एक प्रौढ गृहस्थ लॅटिन व्याकरण शिकूं लागला. वय सुमारें तेहतीस, उजवा पाय अधू, निर्वाह भिक्षेवर. रूपें पाठ करावयास बसला कीं त्याच्या मनांत अध्यात्माचे नवनवे अर्थ उमलूं लागत, अवर्णनीय गोडी दाटे, आणि पाठांतर बाजूलाच राही. आपल्याकडे असें घडतें, तर आपण त्याचें पुस्तक मिटवून त्याच्या पायां पडलों असतों. त्यानें मात्र निराळाच विचार केला. जी गोडी प्रार्थनेंत किंवा मिस्साच्या वेळींही इतकी येत नाहीं, ती नेमकी व्याकरणाच्या वेळींच कां यावी? ही देवाची हाक नव्हे, पळवाट आहे! त्यानें पंतोजींना जवळच्या सान्ता मारिया देल मार या चर्चमध्यें बोलाविलें, सर्व हकीकत कबूल केली आणि वचन दिलें कीं, पोटापुरती भाकर व पाणी मिळेल तोंवर दोन वर्षें मी आपल्या पाठास लक्ष देईन. त्यानंतर ती गोडी त्याला पुन्हां आडवी आली नाहीं. (व्याकरणाच्या तासाला विद्यार्थ्यांचीं मनें उंच विहार करतात, हें मीं तीस वर्षें पाहत आलों आहें, येऊन कबूल करणारा अद्याप भेटला नाहीं.)

हा विद्यार्थी म्हणजे इग्नेशियस लोयोला. त्याच्या जेझुइट संघास पुढें १५४० मध्यें पोपची मान्यता मिळाली. दुसऱ्यास शिकविण्यापूर्वीं ईश्वराचा शब्द रोज ऐकावा, असें सांगणारे साधुपुरुष सर्व देशांत झाले. परंतु ऐकूं येणारा प्रत्येक शब्द ईश्वराचा नसतो, ही अडचण इतक्या बारकाईनें हाताळणारा विरळा.

त्याचा पहिला धडा आजारपणांतला. मे १५२१ मध्यें पांप्लोनाच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें त्याचा पाय मोडला. घरीं पडल्यापडल्या त्यानें वीरकथा मागितल्या. मिळालीं तीं ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रें. एका थोर स्त्रीसाठीं पराक्रम करावा, या मनोराज्यांत तो तासन् तास रमे. संतांसारखें चालावें, या कल्पनेंतही रमे. रमतेवेळीं दोन्ही सारखींच गोड. फरक मागाहून कळे. पहिल्यानें मन कोरडें पडे, दुसऱ्यानें प्रसन्नता टिके. पुढें मान्रेसा गांवीं १५२२–२३ मध्यें सुमारें अकरा महिने त्यानें रोज सात तास प्रार्थनेंत घालविले. तरी पापांची कबुली अपुरी राहिली, या शंकेनें तो इतका पछाडला कीं जीव देण्याचे विचार येऊं लागले. रात्रीं निजावयाच्या वेळीं दिव्य आनंद लोटून येई. ठरलेली थोडीशी झोपही त्यानें बुडते असें पाहून तो त्या आनंदाकडे पाठ फिरवून झोपला. शाळामास्तर मुलाला शिकवितो तसें देवानें मला त्या काळीं शिकविलें, असें तो उतारवयांत सांगे.

एवढ्या शिदोरीवर तो लोकांस शिकवूं लागला आणि अडला. आल्कालाच्या तुरुंगांतून सुटून १५२७ मध्यें तो सालामांकास आला, तेव्हां डोमिनिकन साधूंनीं त्याला प्रेमानें जेवावयास बोलावून सरळ पेचांत धरलें : सद्गुण-दुर्गुणांविषयीं बोलावयाचें तर एक तर विद्येच्या बळावर, नाहीं तर पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनें, तुमच्यापाशीं विद्या नाहीं, मग प्रेरणा आहे असें म्हणतां काय? लोयोला गप्प राहिला. बावीस दिवस बेडी पडली, आणि निकाल असा झाला कीं आणखी चार वर्षें अभ्यास होईतों कोणतें पाप प्राणघातक व कोणतें क्षम्य हें त्यानें सांगूं नये. धर्माच्या असल्या न्यायासनांविषयीं मला मुळींच ममत्व नाहीं. पण साधूंचा प्रश्न खोटा नव्हता. लोयोलानें तो मनावर घेतला असें दिसतें, कारण १५२८ च्या आरंभीं तो पॅरिसला जाऊन पुन्हां लहान मुलांच्या वर्गांत बसला.

आपल्या शिष्यांस त्यानें दिवसांतून दोनदां, दुपारीं व रात्रीं, स्वतःच्या मनाची झडती घेण्याचा नेम घालून दिला. रेघांवर टिंबें मांडून चुकांची मोजदाद सुद्धां. सावकाराच्या खतावणीसारखी ही रीत आपल्या भावुक मनाला रुक्ष वाटते. पण संघाचा प्रमुख झाल्यावरही हा हिशेब सुटला नाहीं. संघाच्या चर्चांनीं ठराविक उत्पन्न घ्यावें कीं नाहीं, एवढ्या एका प्रश्नासाठीं १५४४ मध्यें त्यानें चाळीस दिवस रोज आपल्या मनाच्या नोंदी ठेवल्या. त्या उपलब्ध आहेत.

पॅरिसमध्यें त्याच्या खोलींत राहणारा फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्यें गोव्यास आला. नेम तोच, कळकळही खरी. तरी गोव्यांत इन्क्विझिशन आणावें असें त्यानें १५४६ मध्यें पोर्तुगालच्या राजास लिहिलें, आणि त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्यें तें आलें. जपानांत तर देवासाठीं तो 'दाइनिची' हा शब्द वापरीत होता. तें एका बुद्धाचें नांव आहे, हें त्याला मागाहून उमगलें. वर लागलेला कान समोरच्या माणसाकडे वळतोच असें नाहीं.

१५७९ मध्यें त्याच संघाचा थॉमस स्टीफन्स हा इंग्रज गोव्यास उतरला. आपल्या लोकांची भाषा ऐकण्यांत त्यानें आयुष्य वेंचलें आणि १६१६ मध्यें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' छापविलें. त्यानें कोंकणीचें व्याकरणही रचलें. तें त्याच्या पश्चात् १६४० मध्यें रायतूर येथें छापलें गेलें.